खिडक्या पुसायचा धंदा : हत्यारं निवडतानाची नोंदवही

४ ऑगस्ट २०२४, रविवार

आज मेव्हण्याबरोबर बसून वहीचं पहिलं पान लिहिलं. भांडवल साठ हजार. चाळीस माझे, वीस त्याचे. हिंजवडीत एका ऑफिसात नऊ वर्षं हाऊसकीपिंगचा सुपरवायझर होतो; कंत्राट दुसऱ्याला गेलं, हिशेब हातात आला, त्यातले हे चाळीस. गाडी म्हणजे दोघांच्या दोन स्कूटर. गोदाम म्हणजे कोथरूडच्या घराचा मागचा व्हरांडा, तोही आईच्या तुळशीला धक्का लागणार नाही या अटीवर.

मेव्हणा यादी करूनच आला होता. कार्बन फायबरचा लांब दांडा, प्रेशर वॉशर, काचेला चिकटून आपोआप फिरणारा रोबोट, चुंबकाचा वायपर. ‘दाजी, हे घेतलं की आपण चारचौघांपेक्षा वेगळे दिसू.’ दिसू खरे. ऑफिसच्या स्टोअरमध्ये असंच एक बत्तीस हजारांचं वेगळं दिसणारं मशीन होतं. नऊ वर्षांत ते मी तीनदा चालू झालेलं पाहिलं, त्यातही दोनदा साहेब लोक बघायला येणार होते म्हणून.

ठरलं ते एवढंच : दहा घरच्या खिडक्या स्वतः मोजल्याशिवाय रुपयाही खर्चायचा नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

सात घरं झाली. टेप, वही, विजेरी. लोक विचारतात, ‘पुसायला आलात की पडदे शिवायला?’

फ्लॅटमधल्या बहुतेक खिडक्या अॅल्युमिनियमच्या, तीन खोबणींच्या. दोन काचेच्या झडपा, एक डासांच्या जाळीची. बाहेर लोखंडी ग्रिल, आणि चौथ्या मजल्यापासून वर ग्रिललाच बांधलेली कबुतरांची नायलॉन जाळी. एक झडप सरकवून हात बाहेर घातला की शेजारच्या झडपेची बाहेरची बाजू पुसता येते. माझा हात पोचतो सव्वादोन फूट, झडप रुंदीला पावणेतीन ते तीन. राहिलेली वीतभर पट्टी कुणीच पुसलेली नसते, बिल्डरने ताबा दिला त्या दिवसापासून. आज सातपैकी सहा घरांत ती पट्टी होती. सातव्या घरात नव्हती, कारण त्यांच्या मोलकरणीने काठीला फडकं बांधलं होतं. धंद्यातला पहिला गुरू तिलाच म्हणायला हवं.

प्रभात रोडच्या गल्लीतला जुना बंगला वेगळाच. सागवानी चौकटी, एका खिडकीला बारा तावदानं, प्रत्येक तावदान साडेनऊ इंच रुंद. चौदा इंची वायपर तिथे नुसता बघत बसेल. शिवाय काच धरून ठेवणारी लांबी वाळून जागोजागी सुटलेली. पाणी सढळ हाताने मारलं तर ते लाकडात मुरणार. तिथे सहा इंची रबर आणि पिळून घेतलेलं फडकं.

चुंबकाचा वायपर मेव्हण्याने मित्राकडून उसना आणला होता. बाहेरचा तुकडा दोन झडपांच्या मधल्या फटीत मावेना. जिथे मावला तिथे धुळीचा कण मध्ये सापडून कर्र असा आवाज आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. यादीतून चुंबक आणि रोबोट दोन्ही बाद.

११ ऑगस्ट, रविवार

साडेतीनशेचा टीडीएस मीटर घेतला. पहिली खरेदी. पेनाएवढा असतो, पाण्यात बुडवला की विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते अंदाजे सांगतो.

आमच्या नळाचं पाणी, म्हणजे महापालिकेचं, खडकवासल्याकडून येणारं : ७२. बाणेरच्या एका सोसायटीत नळाचं आणि बोअरचं मिसळून येतं : ४१०. वाघोलीत टँकरचं : ८६०.

पावसामुळे आमच्याकडे सध्या गढूळ पाणी येतंय, म्हणून आईला ७२ पटेना. ‘चहासारखं पाणी, आणि तुझा मीटर पास करतो?’ तिचं बरोबर आहे, आणि मीटरचंही. तो पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो. क्षार विरघळलेले असतात, ते वीज नेतात; माती नुसती तरंगत असते, ती मीटरला दिसत नाही. माती काचेवरून पुसली जाते. क्षार वाळून बसतात.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात स्वीकार्य मर्यादा ५०० आहे, दुसरं पाणीच नसेल तर २०००. म्हणजे क्षारांपुरतं पाहिलं तर वाघोलीचं पाणी नाइलाजाने पिता येईल, पण काचेला चालणार नाही. हिशेब सोपा : २०० मिलिलिटर, पेलाभर पाणी काचेवर वाळू दिलं तर आमच्या नळाचं १४ मिलिग्रॅम मागे ठेवेल, वाघोलीचं १७२. ओल्या फडक्याने पुसून ‘वाळेल आपोआप’ म्हणणाऱ्याची काच दुपारी पांढरट दिसते ती यामुळे.

यातून दोनच वाटा निघतात. एक तर पाणी काचेवर वाळूच द्यायचं नाही, रबराने ओढून काढायचं. मग ते ८६० असलं तरी क्षारांसकट खाली येतं. नाहीतर असं शुद्ध पाणी वापरायचं की ते वाळून गेलं तरी मागे काही उरू नये. पहिल्या वाटेचं नाव वायपर, दुसरीचं नाव लांब दांडा आणि रेझिन, म्हणजे पाण्यातले क्षार पकडणारे बारीक मणी. हे मला ऑफिसात नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं.

१७ ऑगस्ट, शनिवार

रविवार पेठ, बोहरी आळी. बादली घ्यायला गेलो आणि दीड तास बादलीतच गेला.

रंगाची वीस लिटरची रिकामी बादली सगळीकडे मिळते, मजबूत असते, फुकटातही मिळते. पण तोंड गोल, आतून अकरा इंच. काच भिजवायचा टी-दांडा चौदा इंची. तो तिच्यात आडवा बुडत नाही. तिरका घातला की एक टोक कोरडं राहतं, ते भिजवायला उलटा करावा लागतो, आणि पाणी कोपरापर्यंत ओघळतं. दुकानदाराने शेवटी दूधवाले पिशव्या ठेवतात तसा पण बंद तळाचा आयताकृती क्रेट काढला. सोळा इंच लांब. ‘यात लोक मासे ठेवतात,’ म्हणाला. दोन घेतले, एकाला झाकण. स्कूटरच्या पायदानावर तो आडवा बसतो, हे दुकानाबाहेर लावून पाहिलं.

१८ ऑगस्ट, रविवार

गच्चीवर जुन्या टेबलाची काच भिंतीला टेकवून तीन वायपरची परीक्षा.

पहिला फरशीवाल्याचा धाकटा भाऊ, १४० रुपये, फोमचं दुहेरी रबर. पाणी ओढण्यापेक्षा फासतो. बाद.

दुसरा हाऊसकीपिंगचं सामान विकणाऱ्याकडचा, स्टीलची मूठ, चौदा इंची पट्टी, ४८०. तिसरा मेव्हण्याचा हट्ट, पितळी, बाहेरून मागवलेला, २१५०. पितळीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इटलीहून अमेरिकेत गेलेल्या एटोर स्टेकोने नावाच्या खिडकी पुसणाऱ्याने कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये १९३६ साली हलक्या पितळी वायपरचं पेटंट घेतलं. त्याआधीचे वायपर जड लोखंडी, दोन रबरांचे, रबर बदलायचं तर स्क्रूंची माळच सोडवायची. आज जगभर जो टी आकाराचा वायपर दिसतो तो मुळात त्याचाच. म्हणजे हत्यार काम करणाऱ्याच्या हातून आलं, हे मला फार आवडलं.

पण परीक्षेत वेगळंच निघालं. पितळी वायपर लख्ख चालला. स्टीलचा दर ओढीला केसाएवढी रेघ सोडत होता. मग मेव्हण्याने पितळीचं रबर काढून स्टीलच्या पट्टीत घातलं, आणि रेघ गेली. पुन्हा उलटं केलं, आता पितळी रेघ मारू लागला. फरक २१५० आणि ४८० चा नव्हताच, तीनशे दहाच्या रबराचा होता.

मग रबरावरच बसलो. कड नखाने चाचपली की खाच लागते. जिथे खाच तिथे रेघ. रबर पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटर बाहेर हवं, नाहीतर चौकटीलगत पाणी राहतं आणि धातूचं टोक काचेला लागतं. एक कड गेली की रबर उलटं करून दुसरी वापरायची. मऊ आणि कडक असे दोन प्रकार येतात. मऊ थंड हवेत बरं, आपल्याकडच्या उन्हात ते लोळतं. कडक घ्यायचं.

निर्णय : स्टीलच्या दोन मुठी, चौदा, दहा आणि सहा इंची पट्ट्या, आणि चांगलं कडक रबर सहा तुकडे. पितळी आलाच आहे तर राहू दे. मेव्हण्याचा.

कडा टिपायला मायक्रोफायबर पाहिले. बरे आहेत, पण नव्यांची लव सुटते. आईने न बोलता आजोबांचं धोतर आणून ठेवलं. शेकडो वेळा धुतलेलं, अगदी मऊ, एक धागा सुटत नाही. त्याचे सोळा तुकडे झाले. कापताना तिने पाठ फिरवली होती.

पाण्यात काय? भांडी घासायचं लिक्विड, दहा लिटरला एक चहाचा चमचा. जास्त घातलं तर साबणाचाच थर बसतो. शेजारच्या काकांचा वर्तमानपत्राचा आग्रह मोडवत नाही, पण हात काळे होतात आणि चौकटीच्या पांढऱ्या पावडर कोटिंगवर शाई उतरते.

२५ ऑगस्ट, रविवार

लांब दांड्याचं प्रात्यक्षिक. एका विक्रेत्याने भोसरीला बोलावलं. वीस फुटी, काचतंतूचा म्हणजे फायबरग्लासचा, वर ब्रश, दांड्यातून नळी, खाली रेझिनची टाकी. काच घासायची, त्याच पाण्याने धुवायची आणि सोडून द्यायची. पुसायचं नाही. पाणी मीटरवर दहाच्या खाली, शक्यतो शून्याजवळ असलं की डाग पडत नाही. दुसऱ्या मजल्याच्या काचा जमिनीवर उभं राहून. मेव्हणा हरखला. मीही.

पंधरा मिनिटं मी चालवला. मान आणि खांदे रात्रीपर्यंत बोलत होते. कार्बनचा हलका असतो, पण किंमत दुपटीच्या वर, आणि कार्बन वीजवाहक. अॅल्युमिनियम तर आहेच वीजवाहक. बंगल्यांच्या गल्लीत विजेच्या तारा कुठून कुठे गेल्यात ते आपण जाणतो. काचतंतू कोरडा असताना वीज नेत नाही, पण आपला दांडा कोरडा कधी असणार? विक्रेत्याने यावर विषय बदलला.

घरी येऊन हिशेब मांडला. तिथे वीस लिटरची बादली अकरा मिनिटांत रिकामी झाली, म्हणजे तासाला एकशे दहा लिटर. रेझिन संपण्याचा वेग पाण्यातल्या क्षारांवर. विक्रेत्याच्याच आकड्यांनी एक लिटर रेझिन साधारण अठरा हजार मिलिग्रॅम क्षार पकडतं. आमच्या ७२ च्या पाण्याचे अडीचशे लिटर. वाघोलीच्या ८६० चे वीस-एकवीस लिटर. पाच लिटरची टाकी, साडेतीनशे रुपये लिटर. कोथरूडला ती अकरा तास पुरेल. वाघोलीला तासभरही नाही, आणि त्या तासात साडेसतराशे रुपयांचं रेझिन संपलेलं असेल. आधी आरओ लावून क्षार उतरवता येतात, पण घरगुती आरओ तासाला बारा-पंधरा लिटर देतो. रात्रभर जार भरून ठेवायचे तर सकाळी एका तासाच्या कामाला एकशे दहा किलो पाणी न्यायचं कशावर? स्कूटरवर?

मेव्हणा बराच वेळ कॅल्क्युलेटर पुन्हा पुन्हा मारत होता, आकडा बदलेल या आशेने. बदलला नाही. दांडा तूर्त नाही. जिथे पाण्याची गरज सर्वांत जास्त तिथेच तो परवडत नाही, आणि जिथे परवडतो तिथे वायपर भागवतो.

१ सप्टेंबर, रविवार

उंची. यावर वाद झाला, म्हणून सविस्तर.

मेव्हण्याचं म्हणणं, आयएस ३५२१ चा शिक्का असलेला पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा घेऊ, एकोणीसशेला एक, आणि छज्ज्यावर उतरू. मी विचारलं, दोरी कशाला बांधणार? ‘ग्रिलला.’ ग्रिल कशाला धरून आहे? भिंतीतल्या चार खिळ्यांना, आणि ते पंधरा वर्षं पावसात. फ्लॅटच्या खोलीत पडणाऱ्या माणसाचा झटका सहन करेल अशी जागाच नसते. जागा नसेल तर पट्टा नुसता अंगावरचा दागिना. दोरावरून इमारत धुणारी माणसं वेगळी, त्यांचं शिक्षण वेगळं, गच्चीवरची बांधणी वेगळी. आपण ते नाही.

पट्टे घेतले नाहीत. त्याऐवजी वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिलं : छज्ज्यावर पाय नाही. खांद्यापर्यंत हात बाहेर, छाती नाही. काचेची झडप खोबणीतून उचलायची नाही, फक्त जाळीची. बाहेर जाणारं प्रत्येक हत्यार मनगटाला बांधलेलं.

शेवटच्यासाठी किल्ल्यांना लावतात ती गुंडाळी दोरी, चाळीस रुपयांना एक. सहाव्या मजल्यावरून पातं लावलेला स्क्रेपर खाली गेला तर काय, हा विचार मला ऑफिसात असतानाही झोपू द्यायचा नाही.

शिडी : सरकून लांब होणारी डिक्कीत मावते, पण स्वस्तातल्या नमुन्याच्या खिट्ट्या दुकानातच अर्धवट अडकत होत्या. रंगारी वापरतात तशी घडीची घोडी घेतली, सहा पायऱ्या, ५४००. स्कूटरवर जात नाही. रिक्षा टेम्पोचे पैसे त्या-त्या कामात धरायचे.

आणि त्या वीतभर पट्टीचा जालीम उपाय सापडला. मूठ आणि पट्टीच्या मध्ये बसणारा कोपराचा सांधा, ८५०. चार फुटी हलका दांडा, टोकाला सांधा, त्याला दहा इंची पट्टी. हात खिडकीत, दांडा बाहेर, पट्टी उलटी वळून आपल्याकडे तोंड करून येते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर तासभर सराव केला. पहिल्या वीस ओढी नुसत्या वाकड्या. मग हाताला कळलं की ढकलायचं नाही, दांडा फिरवायचा.

५ सप्टेंबर, गुरुवार

राहिलेली मागणी आजच नोंदवली. परवा गणपती. १८ पासून पितृपंधरवडा. त्यात नवी वस्तू घरात येणार नाही, असं आईने बजावलंय. मला फारसं पटत नाही, पण व्हरांडा तिचा आहे.

उद्यम नोंदणीही झाली, ऑनलाइन, फुकट. जीएसटी सेवांना वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. तिथे पोचलो की बघू.

२२ सप्टेंबर, रविवार

पहिलं काम. वारज्याला मावशीकडे, तिसरा मजला, नऊ खिडक्या, मोबदला पुरणपोळी. घड्याळ लावून केलं. दोघांना चार तास वीस मिनिटं. मी दोन तास धरले होते.

चूक कुठे? काचेला, दोन्ही बाजू मिळून, खिडकीमागे चार मिनिटं. खोबणीला अकरा. बाकी जाळी आणि ग्रिल. आम्ही महिनाभर काचेची हत्यारं निवडत बसलो आणि काम निघालं खोबणीचं.

बैठकीच्या मोठ्या खिडकीची खालची खोबण उघडली तेव्हा तळ दिसतच नव्हता. खाली वाळून पक्की झालेली करडी माती, तिच्यावर मेलेल्या डासांचा थर, कबुतराची दोन पिसं, उदबत्तीची काडी, आणि मावसभावाचा दुसरीतला खोडरबर. मावशीची तक्रार होती की तीन वर्षं पावसात खिडकीतून पाणी आत येतं, सोफ्याची पाठ भिजते. दोनदा सिलिकॉन भरून झालं. मी माती खरवडत गेलो तर खोबणीच्या बाहेरच्या भिंतीला तळाशी लांबट भोक सापडलं. पाणी बाहेर जायचा रस्ता. सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीला सहसा असतो, आणि बहुतेक घरांत कुणाला ठाऊक नसतो. तो पार बुजलेला. टूथब्रश जाईना, तार वाकेना. मावशीने मोडकी छत्री दिली. तिची एक काडी मोडून घेतली, टोक किंचित वाकवलं, आत घालून ओढलं, आणि बोटाएवढी मातीची गुळी बाहेर पडली. तांब्याभर पाणी ओतलं. खोबण भरली, क्षणभर थांबली, मग गुळगुळ करत रिकामी झाली. मावशी म्हणाली, ‘पुन्हा ओत.’ तीनदा ओतलं.

‘दाजी, आपण काचवाले नाही हो, खोबणवाले,’ मेव्हणा म्हणाला.

छत्रीच्या सगळ्या काड्या घेऊन आलो.

२९ सप्टेंबर, रविवार

आज नुकसान. माझंच.

बाणेरला बागेकडची मोठी काच, रोज फवाऱ्याचं बोअरचं पाणी उडून पांढरी झालेली. साबणाने हे जात नाही, आम्ल लागतं. फरशीचं तीव्र अॅसिड मी काचेजवळ नेत नाही. अॅल्युमिनियम खातं, वास छातीत बसतो. आणि डाग ‘जादूसारखे’ घालवणाऱ्या काही बाटल्यांत फ्लोराइडवालं आम्ल असतं. ते काचही खातं आणि कातडीतून आत शिरतं. म्हणून लिंबूसत्व, किराणा दुकानातलं, लिटरला चार मोठे चमचे, कोमट पाण्यात. काचेवर सुंदर चाललं. पंधरा मिनिटांत निम्मे डाग विरघळले.

आणि ते पाणी ओघळून खालच्या कट्ट्यावर आलं. मी समजत होतो कट्टा ग्रॅनाइटचा. पांढरा संगमरवर होता. बारीक बुडबुडे दिसले तेव्हा कळलं. काचेवरचा डाग जात्या कॅल्शियमचा, कट्टाही कॅल्शियमचाच. लिंबूसत्वाला दोन्ही सारखे. पुसून, धुऊन झाल्यावर मेणबत्तीचे थेंब पडावेत तसे अकरा निस्तेज डाग राहिले. बाईंना लगेच सांगितलं. पॉलिशवाला बोलावला, १८०० दिले. त्या चिडल्या नाहीत, उलट चहा केला, त्यामुळे जास्तच लाजलो.

काचेवर उरलेले निम्मे डाग दुसऱ्यांदा लावूनही गेले नाहीत. हात फिरवला तर खरखरीत. तिथे क्षार बसलेले नाहीत, काचच खराब झालेली आहे. वर्षानुवर्षं पाणी वाळत राहिलं की असं होतं. आता दर कामाआधी कोपऱ्यात वीतभर तुकडा करून दाखवायचा, मग भाव बोलायचा. सामानात भर : जुनी प्लास्टिकची चादर, चिकटपट्टी, खायचा सोडा.

६ ऑक्टोबर, रविवार

घटस्थापना झाली, खरेदी मोकळी. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा दहा लिटरचा व्हॅक्यूम, ४८००. रंगाचे एक इंची ब्रश सहा. त्यांचे केस अर्धे कापून आखूड केले की खोबणीत कडक चालतात. गुडघ्यांचे पॅड. आता भाव काचेवर नाही, खिडकीवर : काच, जाळी, खोबण, भोकं मिळून.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

व्हरांड्यात पाटावर वायपर, स्क्रेपर, कोपराचा सांधा, व्हॅक्यूम, टीडीएस मीटर. झेंडूची फुलं, हळदकुंकू. आईने पितळी वायपरलाच आधी कुंकू लावलं. मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं. छत्रीच्या काड्या मी मागाहून ठेवल्या.

२० ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची सफाई सुरू, रोज एक घर, कधी दोन. ऑक्टोबरचं ऊन. पश्चिमेच्या काचेवर दुपारी साबण लावला की वायपर येईपर्यंत वाळतो. आता पश्चिम सकाळी, पूर्व दुपारी.

औंधच्या एका घरी नव्या काचांवर रंगाचे थेंब. काच भिजवून स्क्रेपर, एकाच दिशेने, परत आणताना उचलून. कोपऱ्यात शिक्का दिसला, म्हणजे काच टफन केलेली, भट्टीत तापवून मजबूत केलेली. तिथे हात आखडता घेतला. अशा काचेवर भट्टीतले बारीक कण चिकटलेले असू शकतात. पातं त्यांना सोलतं आणि तेच पुढे रेघोट्या ओढतात. थेंब ओल्या धोतराखाली अर्धा तास ठेवले, मग प्लास्टिकच्या पट्टीने काढले. शेजारच्या खोलीत काचेला ऊन अडवायची फिल्म होती. नखाला कडेशी उंबरठा लागला म्हणून कळलं. तिथे पातं नाही, लिंबूसत्व नाही, फक्त साबण आणि मऊ रबर. मालक म्हणाले, ‘एवढा विचार करता एका काचेचा?’ संगमरवराचं त्यांना सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली, आज हिशेब. हत्यारं, किरकोळ सामान आणि संगमरवराचे अठराशे धरून खर्च २५,५५०. शिल्लक ३४,४५०, कामाचे आलेले वेगळे. सर्वांत वापरलेलं : कोपराचा सांधा आणि छत्रीची काडी. जवळजवळ न वापरलेलं : आठ फुटी दांडा, दोनदाच. रबराचे सहापैकी चार तुकडे संपले, दोन्ही कडा. घाईत मेव्हण्याने एक रबर खडबडीत ग्रिलवर घासलं, ते एका दिवसात गेलं. पितळी वायपर अजून नव्यासारखा, कारण तो कुणाला देत नाही.

सहकारनगरहून विचारणा आहे. दोन मजली बंगला, जिन्याची उंच काच, बाहेरून. नळाचं पाणी मोजून आलो : ७८. आजूबाजूला तारा नाहीत. मेव्हणा काही बोलला नाही, नुसता बघत राहिला.

१७ नोव्हेंबर, रविवार

लांब दांडा घेतलेला नाही. आरओच्या सुट्या भागांच्या दुकानातून वीस इंची फिल्टरचं भांडं आणि दोन लिटर रेझिन आणलं. नळाला जोडलं. आत ७२, बाहेर मीटरवर ०००. मेव्हण्याने मीटर झटकून पुन्हा बुडवला. पुन्हा ०००.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीची डावी काच नळाच्या पाण्याने धुतली, उजवी या पाण्याने. दोन्ही न पुसता तशाच सोडल्या. सकाळी सातला पूर्वेचं ऊन आलं तेव्हा दोघंही खिडकीशी उभे. डावीवर फिकट ठिपके, आरशावर श्वास पडावा तसे. उजवी स्वच्छ, फक्त वरच्या कोपऱ्यातून खाली आलेली एक बारीक रेघ. बोट लावून पाहिलं. वरच्या रबरी पट्टीत अडकलेली जुनी धूळ रात्रभर ठिबकत होती.

‘म्हणजे आधी पट्टी धुवायची,’ मेव्हणा म्हणाला, आणि ब्रश आणायला गेला.